रूलेट जिंकण्याची ‘पद्धत’ खरंच चालते का? – संभाव्यतेचा एक पाठ



दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण शिकवताना आपण नाणं उडवतो, फासा टाकतो, पत्त्यांच्या कॅटमधून पत्ता काढतो. मुलं नमुना अवकाश लिहितात, अपूर्णांक काढतात, गुण मिळवतात आणि प्रकरण तिथंच संपतं. माझ्याही वर्गात बरीच वर्षं असंच चाललं होतं. मग एके दिवशी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला.

“सर, संभाव्यता तुम्हीच शिकवली होती ना? मग माझी एक वही बघून सांगा, यात चूक कुठं आहे ते.”

मुलगा हुशार. नोकरीला लागलेला. मित्रांबरोबर पणजीला गेला होता आणि मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर दोन रात्री रूलेट खेळला होता. त्याची पद्धत सोपी होती. लाल रंगावर १०० रुपये लावायचे. हरलो तर २००, पुन्हा हरलो तर ४००, असं दुप्पट करत जायचं. जिंकलं की आधीचा सगळा तोटा भरून निघतो आणि वर १०० रुपये उरतात. मग पुन्हा १०० पासून सुरुवात. वहीत ४१ डाव लिहिलेले होते आणि ४१ही डाव त्यानं जिंकले होते. नफा ४,१०० रुपये. आता त्याला तेच १,००० रुपयांपासून सुरू करायचं होतं. त्यासाठी लागणारे पैसे त्याच्याकडे होते, पण ते धाकट्या बहिणीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते.

“जुगार वाईट असतो” एवढं सांगून मी फोन ठेवू शकलो असतो. पण त्यानं उपदेश मागितलाच नव्हता, चूक मागितली होती. म्हणून म्हटलं, “रविवारी घरी ये. वही घेऊन ये.”

आधी चाक समजून घेऊ

युरोपियन पद्धतीच्या रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात. १ ते ३६ हे आकडे, त्यातले १८ लाल आणि १८ काळे. सदतिसावं घर शून्याचं, ते हिरवं. अमेरिकन चाकावर दोन शून्याचं आणखी एक घर असतं, म्हणजे एकूण ३८.

लालवर १०० रुपये लावले आणि लाल आलं, तर आपले १०० आणि वर १०० मिळतात. काळं किंवा हिरवं आलं तर १०० जातात. म्हणजे जिंकण्याची संभाव्यता १८/३७ आणि हरण्याची १९/३७. निम्म्याला जरासं कमी आणि निम्म्याहून जरासं जास्त. सगळी गोम त्या एका हिरव्या घरात आहे.

समजा ३७ फेऱ्यांत प्रत्येक घर एकदाच आलं. आपण एकूण ३,७०० रुपये लावले. १८ वेळा २०० रुपये परत मिळाले, म्हणजे ३,६००. शंभर रुपये गेले. आता लालऐवजी एकाच आकड्यावर पैसे लावून बघा. आकडा आला तर ३५ पट बक्षीस आणि लावलेली रक्कम परत, म्हणजे हातात ३,६००. पुन्हा शंभरच गेले! ३,७०० मागे १०० म्हणजे २.७० टक्के. अमेरिकन चाकावर हाच तोटा ३८ मागे २, म्हणजे ५.२६ टक्के.

२.७० टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे टक्के खिशातल्या पैशावर नाहीत, लावलेल्या प्रत्येक रुपयावर आहेत. १,००० रुपयांची पैज शंभर वेळा लावली की लावलेली रक्कम एक लाख होते आणि सरासरी तोटा २,७०० रुपये. तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरत राहतात आणि प्रत्येक वेळी थोडे झिजतात.

दुपटीच्या पद्धतीचा हिशोब

या पद्धतीला मार्टिंगेल म्हणतात. चाक एकदा फिरलं की एक फेरी म्हणू. १०० रुपयांपासून सुरू करून जिंकेपर्यंतच्या फेऱ्या म्हणजे एक डाव. आमच्या पठ्ठ्यानं सहा पायऱ्यांची तयारी ठेवली होती :

१०० + २०० + ४०० + ८०० + १,६०० + ३,२०० = ६,३०० रुपये.

सहाही फेऱ्या हरलो तर ६,३०० रुपये गेले. असं होण्याची संभाव्यता किती? १९/३७ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.०१८३. हजार डावांत साधारण १८ वेळा. उरलेले ९८२ डाव आपण जिंकणार! हा आकडा बघितल्यावर कुणालाही वाटेल की पद्धत चालते. पण बेरीज करून बघू.

जिंकलेले डाव : ९८२ × १०० = ९८,२०० रुपये.
हरलेले डाव : १८ × ६,३०० = १,१३,४०० रुपये.
एकूण तोटा : १५,२०० रुपये.

बारकाईनं काढलं तर प्रत्येक डावामागे सरासरी १७ रुपये ३५ पैसे जातात. एका डावात सरासरी किती रुपये लावले जातात तेही काढलं. उत्तर आलं सुमारे ६४२ रुपये. आता ६४२ ला ३७ नं भागून बघा. तेच १७ रुपये ३५ पैसे! दुपटीचा एवढा खटाटोप केला, तरी तोटा लावलेल्या रकमेच्या बरोबर ३७ व्या भागाएवढाच.

मग सहाऐवजी दहा पायऱ्या ठेवल्या तर? दहा वेळा सलग हरण्याची संभाव्यता साधारण ७८४ मध्ये एक. पण तसं झालं तर जाणारी रक्कम १,०२,३०० रुपये, आणि डावामागचा सरासरी तोटा १७ वरून ३० रुपयांच्या वर. पायऱ्या वाढवल्या की बुडण्याची वेळ लांबते, पण पाणी खोल होतं. शिवाय कॅसिनोच्या टेबलावर पैजेची कमाल मर्यादा लिहिलेली असते. दुप्पट करत करत माणूस तिथं पोचला की पद्धत तिथंच थांबते, मग खिशात कितीही पैसे असोत.

तो म्हणाला, “सर, पण मी ४१ पैकी ४१ जिंकलोय. त्याचं काय?”

तेही काढलं. ४१ डाव सलग सुखरूप पार पडण्याची संभाव्यता सुमारे ४७ टक्के. म्हणजे नाणं एकदा उडवलं आणि छापा आला, त्याच्या जवळपास तेवढंच नवल. ज्या वहीच्या जोरावर तो बहिणीची फी लावणार होता, ती वही पुरावा म्हणून एका छाप्याएवढीच होती. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला.

हेच वर्गात कसं घ्यावं?

यंदा मी हा पाठ वर्गात घेतला. पैसे नाहीत, फक्त चिंचोके. पालकांना आदल्या दिवशी वहीत निरोप लिहून कळवलं होतं, ते तुम्हीही जरूर कळवा.

एका डब्यात ३७ चिठ्ठ्या ठेवा : १८ लाल, १८ काळ्या, एक पांढरी. चिठ्ठी काढली की बघून परत डब्यात टाकायची आणि डबा हलवायचा. ४० मुलांच्या मी २० जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला स्वतःचा डबा आणि ६३ चिंचोके. पैज नेहमी लालवर : १, २, ४, ८, १६, ३२. वीस डाव जिंकले किंवा सलग सहा वेळा हरले की थांबायचं. जोड तासिका पुरते.

आमच्या वर्गात १४ जोड्यांनी वीसही डाव जिंकले. सहा जोड्या मध्येच बुडाल्या. जिंकलेल्यांचा आरडाओरडा शेजारच्या वर्गापर्यंत गेला! मग फळ्यावर बेरीज मांडली. १४ जोड्यांचा नफा २८० चिंचोके. सहा जोड्यांनी बुडण्याआधी मिळून ५८ जिंकले होते, पण बुडताना ३७८ गमावले, म्हणजे तोटा ३२०. सगळ्या वर्गाचा मिळून ४० चिंचोक्यांचा तोटा.

इथं मुलांना एकच प्रश्न विचारला : “तुमच्यापैकी कुणी घरी जाऊन सांगणार की ही पद्धत चालते?” चौदा जोड्यांचे हात वर. आणि हरलेल्यांपैकी? एकही नाही. मग मुलांनाच उमगलं की जिंकणारा बोलतो, हरणारा गप्प बसतो. मोबाइलवर दिसणाऱ्या “मी रोज एवढे कमावतो” छापाच्या व्हिडिओंमध्ये आपल्याला त्या चौदा जोड्याच भेटतात.

तुमच्या वर्गात आकडे वेगळे येतील. एखाद्या वेळी वर्ग नफ्यातही राहील. तसं झालं तर घाबरू नका, आणखी दोन तुकड्यांचे निकाल त्यात मिळवा आणि बेरीज पुन्हा मांडा.

“आता तरी लाल येणारच!”

पद्धतीवर विश्वास बसण्याचं आणखी एक कारण आहे. पाच वेळा काळं आलं की आपल्याला वाटतं, आता लालची पाळी. मटक्याचे जुने चार्ट समोर घेऊन आकडा काढणारी माणसं आपण पाहिली आहेत, त्यांचंही मन असंच चालतं. पण चाकाला आठवण नसते. मागच्या फेरीत काय आलं हे त्याला ठाऊक नसतं.

१८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग सलग २६ वेळा आला. लोक लालवर पैसे वाढवत गेले आणि हरत गेले. पंचवीस वेळा काळं आल्यानंतरही सव्विसाव्या फेरीत लालची संभाव्यता १८/३७ च होती.

या बाबतीत मोठी माणसंही चुकली आहेत. एक हरलो की एकानं पैज वाढवायची, जिंकलो की एकानं कमी करायची, या पद्धतीला दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाचं नाव आहे. याच दालांबेरनं १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३ आहे. त्यानं तीनच शक्यता मोजल्या : पहिल्यांदाच छापा, आधी काटा मग छापा, दोन्ही वेळा काटा. या तिन्ही सारख्याच संभाव्य नाहीत, हे त्याच्या नजरेतून सुटलं. खरं उत्तर ३/४. आपला दहावीचा विद्यार्थी नमुना अवकाश नीट लिहून हे दोन मिनिटांत काढतो. मुलांना हे जरूर सांगा, अभ्यासाला हुरूप येतो.

मग कुणी कधी जिंकलंच नाही का?

जिंकलेत. ते कसे, हे पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या जोसेफ जॅगरनं मोंटे कार्लोत फेऱ्यांची नोंद ठेवली, तेव्हा एका चाकावर काही आकडे वाजवीपेक्षा जास्त येताना दिसले. चाकातच दोष होता. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोघांनी अंगावर लपवता येईल असा छोटा संगणक बनवला. बुटातल्या बटणांनी चाकाचा आणि गोळीचा वेग नोंदवायचा आणि गोळी चाकाच्या कोणत्या भागात पडेल याचा अंदाज घ्यायचा. पुढे १९८५ मध्ये नेवाडा राज्यानं अशा उपकरणांवर बंदीच घातली.

या लोकांनी पैज कमी-जास्त करण्याची पद्धत शोधली नव्हती. त्यांनी चाकाचं मोजमाप केलं. त्यांच्यासाठी संभाव्यता १८/३७ किंवा १/३७ राहिलीच नाही, ती बदलली.

कोणतीही पद्धत तपासायचे तीन प्रश्न

१. या पद्धतीमुळे एका फेरीत जिंकण्याची संभाव्यता बदलते का?
२. जिंकल्यावर मिळणारं बक्षीस बदलतं का?
३. सगळ्यात वाईट डाव आला तर किती पैसे जातील, आणि ते पैसे कशासाठी ठेवलेले आहेत?

पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर “नाही” असेल, तर पुढची पानभर आकडेमोड वाचायची गरज नाही. प्रत्येक पैज सरासरीनं तोट्याची आहे. उणे संख्या कोणत्याही क्रमानं मांडा, लहान-मोठ्या करा, त्यांची बेरीज उणेच येणार. पद्धत फक्त तोटा कधी आणि कसा यायचा तेवढं ठरवते : रोज थोडा थोडा, की पुष्कळ दिवस नफा दाखवून एका रात्रीत.

तिसरा प्रश्न गणिताचा नाही, तो पालकांनी विचारायचा. आणि रागावून नव्हे. मुलगा वही घेऊन समोर बसेल इतपत मोकळीक घरात असली पाहिजे.

त्या रविवारी तो जाताना म्हणाला, “सर, शाळेत हे असं का नाही शिकवलंत?” मला उत्तर देता आलं नाही. बहिणीची फी त्यानं त्याच आठवड्यात भरली. बोटीवर तो पुन्हा कधीच जाणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण गेलाच तर हिरव्या घराकडे आधी बघेल, एवढं नक्की.

मुलांसाठी स्वाध्याय : (१) अमेरिकन चाकावर सहा पायऱ्यांच्या दुपटीच्या पद्धतीत एका डावामागे सरासरी तोटा किती? (२) चाकावर शून्याचं घरच नसतं, तर याच पद्धतीत नफा झाला असता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आधी अंदाजानं सांगू द्या, मग हिशोब करू द्या.