दोनाची चार मिनिटं

लग्न होऊन २००५ साली कॅलिफोर्नियात आले ती डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, मतदानाचा प्रश्नच नाही, आणि गाडी शिकेपर्यंत घराबाहेर पडायचीही पंचाईत. चालत जाता येईल अशा दोनच जागा होत्या: एक लाँड्री आणि एक कॅथलिक चर्च. चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी रात्री नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग भरायचा. तिथे इंग्रजी शिकवणारं कुणीतरी हवं होतं, फुकट. मी गेले.

शिकायला येणारे बहुतेक मेक्सिकोचे, दोघं-तिघं एल साल्वादोर आणि ग्वातेमालाचे. कुणी हॉटेलातल्या खोल्या झाडणारं, कुणी श्रीमंतांच्या बागा राखणारं. परीक्षेचे शंभर प्रश्न ठरलेले, त्यातले दहा विचारत, सहा बरोबर आले की पास. सेनेटर किती असतात हे मी त्यांच्याकडून घोकून घ्यायचे. सेनेटरच्या कचेरीत फोन कोण उचलतं आणि त्या माणसाशी काय बोलायचं, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. पुढची बरीच वर्षं त्यांच्या मागेमागे फिरले, त्यातलं जे अंगी लागलं ते इथे लिहिते.

१. आधी जेवण, मग धोरण.

शाळेच्या प्रश्नावर पालकांची पहिली बैठक मी बोलावली ती बुधवारी दुपारी चार वाजता. छान स्लाइड्स केल्या होत्या. तीन जणी आल्या, त्यातली एक चुकून. वर्गातल्या एका वयस्क बाईंनी (त्यांना सगळे 'दोन्या' म्हणत, आपल्याकडचं 'काकू' समजा) मला बाजूला घेतलं. चार वाजता कोण मोकळं असतं? मुलं कुठे ठेवायची? आणि दिवसभर राबलेल्या माणसाने उपाशीपोटी तुझं ऐकायचं का? पुढची बैठक साडेसातला झाली. कोपऱ्यात सतरंजी टाकून दोन कॉलेजच्या मुली लहानग्यांना सांभाळत होत्या, आणि दोन्यांनी भलं मोठं पातेलं भरून तामालेस आणले होते. तामाल म्हणजे मक्याच्या पिठाचा, आत सारण भरलेला, मक्याच्या कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेला पदार्थ. आपल्या पातोळ्यांचा तिखट चुलतभाऊ. एकेचाळीस माणसं आली. स्लाइड्स दाखवायच्या राहूनच गेल्या.

२. घड्याळाशी भांडायचं असेल तर नियम वाचून भांडावं.

शाळेसमोरच्या रस्त्यावर सकाळी ट्रकांची रांग असायची आणि तिथे ना सिग्नल, ना मुलांना रस्ता ओलांडून देणारं कुणी. नगर परिषदेच्या सभेत कुठल्याही नागरिकाला, खरं तर कुठल्याही माणसाला, उठून बोलता येतं. प्रत्येकाला दोन मिनिटं. आमच्यातली एक आई उभी राहिली, ती स्पॅनिशमध्ये बोलणार, मी इंग्रजीत सांगणार. ती एक वाक्य बोलायची, मी अडखळत त्याचं भाषांतर करायचे. तिचा मुलगा ट्रकखाली येता येता कसा वाचला, तिथपर्यंत आम्ही पोचलो आणि टिंग वाजलं. अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, धन्यवाद, पुढचं नाव. परत येऊन ती खुर्चीवर बसली, रडली नाही, पण हातातला कागद तिने इतका घट्ट दुमडला की पुन्हा उलगडला नसता.

कॅलिफोर्नियात 'ब्राउन अ‍ॅक्ट' नावाचा १९५३ चा कायदा आहे. स्थानिक संस्थांनी कारभार उघड्यावर करायचा, नियमित सभेची विषयपत्रिका बहात्तर तास आधी लावायची, लोकांना बोलू द्यायचं, हे सगळं त्यात येतं. दोन्यांच्या भाचीने तो बसून वाचला. २०१६ सालच्या दुरुस्तीनुसार दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावाच लागतो. कानाला लावायची यंत्रं देऊन लगोलग भाषांतराची सोय केली असेल तरच त्यातून सूट. म्हणजे आम्हाला चार मिनिटं मिळायला हवी होती. परिषदेतल्या कुणी मुद्दाम लपवलं होतं असं नाही, त्यांनाही बहुधा माहीत नसावं. पण हक्काचं हे असंच असतं, मागेपर्यंत तो कुणाच्याच लक्षात नसतो.

पुढच्या महिन्यात तीच आई पुन्हा उभी राहिली. भाचीने आधी कलमाचा आकडा वाचून दाखवला, अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलाने मान डोलावली. दोनाची चार झाली. (आपल्याकडे दोनाचे चार होतात ते हात, लग्नात. मला तेव्हा तेच आठवलं आणि नको त्या क्षणी हसू फुटलं.) यावेळी त्या आईने अन्याय, हक्क, समाज यातला एकही शब्द वापरला नाही. पाच दिवस रोज सकाळी फुटपाथवर उभं राहून सात चाळीस ते आठ या वेळात किती ट्रक गेले ते तिने टिपून आणलं होतं, तेवढं वाचलं. सिग्नल यायला पुढे अडीच वर्षं लागली. रस्ता ओलांडून देणारी बाई मात्र तीन आठवड्यांत उभी राहिली.

३. मत नसलं तरी मत असतं.

मराठीची ही एक गंमत मला परदेशात राहून कळली. बॅलटवरची खूणही 'मत' आणि मनातलं म्हणणंही 'मत'. स्पॅनिशमध्ये दोन्ही शब्द वेगळे आहेत, वोतो आणि वोस. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या विली व्हेलास्केझने १९७४ मध्ये लॅटिनो मतदार-नोंदणीची मोठी मोहीम उभी केली, तिची घोषणाच होती 'सु वोतो एस सु वोस', तुमचं मत हाच तुमचा आवाज. माझ्या वर्गातल्या अर्ध्यांना वोतो नव्हता. वोस होता, आणि मोठा होता.

२००६ चा १ मे मला आठवतो. आमच्यासाठी महाराष्ट्र दिन, मी सकाळी श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवला होता. खाली रस्त्यावर पाहते तर पांढऱ्या शर्टांचा लोंढा. आधीच्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केलं होतं, कागदपत्रांशिवाय देशात राहणं हाच गंभीर गुन्हा ठरवणारं. देशभर माणसं काम टाकून रस्त्यावर आली. 'आज चालतोय, उद्या मत देऊ' अशी त्यांची घोषणा होती. ते विधेयक पुढे सेनेटमध्ये विरलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या महिन्यात आमच्या वर्गात खुर्च्या कमी पडल्या.

असं आधीही झालं होतं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १८७' मंजूर केलं, जवळपास ५९ टक्क्यांनी. कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा बंद, तातडीचे उपचार सोडून दवाखाना बंद. न्यायालयाने ते रोखलं. अशा मुलांना शाळेतून वगळता येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात सांगून ठेवलं होतं. पण खरा परिणाम पुढे दिसला. वर्षानुवर्षं ग्रीन कार्ड खिशात घेऊन निवांत असलेली हजारो माणसं उठून नागरिक झाली आणि मतदार झाली. वर्गात येणारे एक सुतारकाका सांगायचे, मला अमेरिकन करायचं श्रेय माझ्या विरोधकांना.

४. मोजणीत नसलेल्याचं ताट मांडलं जात नाही.

२०२० च्या जनगणनेत मी दारोदार फिरले. सरकारला फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा होता. २०१९ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला, पण भीती बसायची ती बसली होती. अमेरिकेत जनगणना नागरिकांची नसते, राहणाऱ्यांची असते, आणि प्रतिनिधिगृहातल्या जागा आणि केंद्राचा पैसा दोन्ही तिच्यावरून ठरतात. माहिती बहात्तर वर्षं गुप्त राहते, हे मी पोपटासारखी सांगायचे. (बहात्तर तास आणि बहात्तर वर्षं, या देशाला हा आकडा का आवडतो कोण जाणे.) लोक माझं ऐकून घ्यायचे आणि दार लावायचे. तीच गोष्ट 'प्रोमोतोरा' सांगायच्या तेव्हा दार उघडं राहायचं. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच बाई, साखरेच्या आजारापासून लसीपर्यंत सगळं घरोघरी जाऊन समजावणारी, आपल्या आशाताईंसारखी. गॅरेजमध्ये कोण राहतं, कुठल्या घरात तीन कुटुंबं आहेत, हे तिलाच माहीत. तान्ह्या बाळालाही मोजायचं असतं, हे कित्येक घरांत तिने सांगितल्यावर कळलं.

एवढं करूनही सरकारच्याच पडताळणीत निघालं की हिस्पॅनिक लोकसंख्येची मोजणी ४.९९ टक्क्यांनी कमी पडली. २०१० मध्ये ही तूट १.५४ होती. साथ होती, मुदत मागेपुढे झाली, सगळं खरं. तो आकडा वाचला तेव्हा मला न उघडलेली दारं आठवली.

५. 'लॅटिनो' नावाचा एक माणूस नसतो.

इथे माझी फजिती सांगायलाच हवी. वॉटसनविलच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर आम्ही उन्हात काम करण्याच्या नियमांची पत्रकं घेऊन गेलो, झकास स्पॅनिशमध्ये छापलेली. बायका हसून घेत होत्या, घडी घालून खिशात ठेवत होत्या. तासाभराने कळलं की त्या मेक्सिकोतल्या वाहाकाच्या मिश्तेक लोकांपैकी, त्यांना स्पॅनिश जेमतेम येतं. 'इंडियन म्हणजे हिंदी' असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं, आणि मी तेच केलं होतं.

पोर्तो रिकोचा माणूस १९१७ पासून अमेरिकेचा नागरिकच, त्याला व्हिसाची लढाई आपली वाटेलच असं नाही. मायामीचा क्युबन वेगळा. टेक्सासच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत जवळपास सगळी वस्ती हिस्पॅनिक, तिने २०२४ मध्ये ट्रम्प यांना कौल दिला, रिपब्लिकन उमेदवाराला १८९२ नंतर पहिल्यांदा. आमच्या गटातल्या तरुणांना धक्का बसला. दोन्यांना नाही. त्यांचा सख्खा भाऊ तिकडेच राहतो आणि दर नाताळात दोघांचं फोनवर भांडण होतं.

६. उमेदवाराआधी नकाशा बघावा.

त्याच वॉटसनविलमध्ये लॅटिनो मोठ्या संख्येने होते, पण नगर परिषदेत त्यांचं कुणी सहसा निवडून येत नसे. कारण सबंध शहर मिळून प्रत्येक जागेसाठी मत द्यायचं. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने ही पद्धत मतं पातळ करणारी ठरवली, पुढच्याच वर्षी वॉर्डवार निवडणूक झाली आणि चित्र पालटलं. प्रभाग एक सदस्याचा की चार सदस्यांचा यावर हमरीतुमरी पाहिलेल्या पुणेकरांना याहून जास्त सांगायला नको.

७. दार कुणी उघडलं ते विचारावं.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या गप्पांत 'ते', म्हणजे लॅटिनो, आणि 'आपण' असायचं. आपण रांगेत उभे राहून आलो, आपण कर भरतो. हे मीही बोलले आहे. पण शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीतून मतदानाचं साहित्य मिळतं, ते मतदान हक्क कायद्यात १९७५ साली भाषेची तरतूद आली म्हणून, आणि तिच्यासाठी सर्वांत जास्त झटले ते मेक्सिकन-अमेरिकन. तेही एकटे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमजुरांचा संप १९६५ च्या सप्टेंबरात सुरू केला तो लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी. मेक्सिकन आठवडाभराने आले. 'सी, से पुएदे', होय, जमेल, ही शेतमजुरांच्या चळवळीची घोषणा १९७२ मध्ये डोलोरेस वेर्ता यांनी दिली. ओबामांच्या प्रचारात ती इंग्रजीतून गाजली तेव्हा आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या, मूळ माहीत नसताना.

मागच्या वर्षी मंडळातली एक मैत्रीण घरी आली. मूळची पुण्याची, नवरा एच-वन-बीवर, ग्रीन कार्डाची रांग संपता संपत नाही. मुलगी तीन वर्षांची असताना इथे आली, आता एकविसाची होणार, म्हणजे आईबापांच्या व्हिसातून बाहेर. लहानपणी कागदपत्रांशिवाय आलेल्यांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या 'डाका' योजनेत तिच्यासारखी मुलं बसत नाहीत, कारण ती कायदेशीर होती. मैत्रिणीने विचारलं, ते लोक खासदाराकडे जाऊन कसं बोलतात गं?

मी दोन्यांना फोन केला. त्या आल्या, तामालेस घेऊन, शाकाहारी, मिरची आणि चीजचे. मुलीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, खासदाराच्या जाहीर बैठकीत माइक मिळेल तेव्हा काय सांगशील ते सांग. दुभाष्याचं काम याही वेळी माझ्याकडेच होतं, पण फक्त दोन्यांसाठी. मुलीचं इंग्रजी आमच्या सगळ्यांहून चांगलं. म्हणजे तिला दोनच मिनिटं. मी फोनवर गजर लावला. ती व्हिसांची नावं, कोटा, प्रायॉरिटी डेट असं सांगत सांगत आली आणि टिंग वाजलं तेव्हा स्वतःपर्यंत पोचलीच नव्हती.

दोन्यांनी तिच्या ताटात आणखी एक तामाल वाढला. "ओत्रा वेस," त्या म्हणाल्या. याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. मुलगी पुन्हा उभी राहिली आणि यावेळी सुरुवात तिने तीन वर्षांच्या वयापासून केली.