मुरकूट आणि उंट

सकाळच्या प्रार्थनेच्या तासास मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय वाचणे चालले होते. मुरकूट गाळून काढणाऱ्या व उंट गिळणाऱ्या आंधळ्या वाटाड्यांविषयीचे प्रभूचे वचन आले, तोच मागल्या बाकावरून एका लहानग्याने विचारले, "गुरुजी, मग उंटाचे कुबड घशात अडकले नाही का?" सारा वर्ग खो खो हसू लागला. शास्त्रवाचनाच्या वेळी हा पोरकटपणा आम्हांस खपला नाही. त्या मुलास आम्ही तास संपेपर्यंत उभे केले. पुढे कित्येक दिवस त्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

शिक्षा देऊन झाली, पण मनास स्वस्थता येईना. रात्री तोच अध्याय पुन्हा उघडून बसलो, तेव्हा ध्यानात आले की त्या दिवशी वर्गात उंट खरोखर पाहिला तो त्या एकट्याने. आम्ही केवळ शब्द वाचीत होतो.

लेवीयाच्या ग्रंथाप्रमाणे क्षुद्र कीटक निषिद्ध व उंटही निषिद्ध. म्हणून धर्मनिष्ठ परूशी आपले पेय फडक्यातून गाळून घेत. त्या गाळणाऱ्या गृहस्थाच्या मुखात प्रभूने मान, कुबड व चारी पाय यांसह सबंध उंट घातला! प्रभू बोलत असे त्या अरामी भाषेत कीटकास 'गल्मा' व उंटास 'गम्ला' म्हणत, म्हणजे ही शब्दांचीही कोटी आहे, असे अभ्यासक सांगतात. काठेवाडाकडून कळप घेऊन येणाऱ्या पशुपालकांचे उंट आमच्या मुलांनी रस्त्यावर पाहिलेले असतात. त्यांस हे चित्र दिसावे आणि हसू येऊ नये, ही अपेक्षाच चुकीची होती.

डोळ्यातील मुसळाचेही असेच आहे. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'कुसळ' व 'मुसळ' हे शब्द योजिले आणि आपल्या घरगुती म्हणीशी त्या वचनाचे नाते जडले. नवापूरकडे ज्यांच्या घरी भात कांडला जात असे, त्यांस मुसळ केवढे असते हे सांगावयास नको. ते डोळ्यात घेऊन एक मनुष्य शेजाऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढावयास वाकला आहे! वाकताना तो शेजाऱ्याचे डोके फोडील, हे शास्त्रात नाही. ती भर आमची.

यावर कित्येक भाविक म्हणतील की प्रभू रडला असे शास्त्र सांगते, हसला असे कोठेच सांगत नाही. ते खरे आहे. परंतु त्याच्या वैऱ्यांनी त्याजवर ठेविलेला आरोप पाहावा. हा खादाड व मद्यपी आहे, जकातदारांचा मित्र आहे, असे ते म्हणत. आरोप खोटा होता. तथापि सुतकी चेहऱ्याच्या मनुष्याला कोणी वारंवार पंक्तीस बोलावीत नाही, एवढे त्यावरून समजते.

मात्र सर्वच हसणे सारखे नव्हे. वृद्धापकाळी पुत्र होईल हे ऐकून सारा हसली, ते अविश्वासाचे हसणे होते. पुत्र झाल्यावर ती पुन्हा हसली, ते आनंदाचे. त्या मुलाचे इसहाक हे नाव 'हसणे' ह्याच इब्री शब्दापासून आले आहे. वधस्तंभाखाली उभे राहून डोकी हालविणारेही हसतच होते. तेव्हा कोण हसतो आणि कोणास हसतो, हे पाहिले पाहिजे.

ह्या बाबतीत मराठी ख्रिस्ती मंडळीस एक थोर गुरू लाभली, ती लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. पत्नीवर आकाश कोसळले; पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंतचा काळ ताटातूट, लोकनिंदा व अश्रू यांनी भरलेला आहे. तरी १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' उघडावी तर वाचक पानोपानी हसतो. त्यांचे वडील बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवून घेत. सत्तावन्नच्या धामधुमीत सासऱ्यांस फाशी झाली, त्या धसक्याने हे सोवळे त्यांच्या अंगी भिनले होते. मुलगी ते सांगताना हसविते, परंतु बापाच्या अंतःकरणातील भीती विसरत नाही. पतीचा तापटपणा व सढळ हात यांवर ती हसते, आणि सर्वांत अधिक हसते ती स्वतःच्या सोवळ्याला व स्वतःच्या फजितीला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईला मुसळाचा दृष्टांत आम्हां पदवीधरांहून अधिक समजला होता, असे आम्हांस वाटते. आम्हां ख्रिस्ती जनांचीही सोवळी असतातच. कोणी उपासनेत टाळ वाजविला म्हणून रुसतो, कोणी न वाजविला म्हणून.

पालकांस व थोरल्या विद्यार्थ्यांस येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या वर्गात धडगाव, अक्कलकुवा भागांतून मुले येतात. कोणी घरी भिली बोलतो, कोणी मावची, कोणी अहिराणी. असा एखादा मुलगा मराठी वाचता वाचता अडखळला की जे हसू फुटते, ते साराच्या दुसऱ्या हसण्याच्या जातीचे नव्हे. कुबडाच्या प्रश्नावर आम्ही शिक्षा केली. ह्या हसण्याकडे मात्र आम्ही वर्षानुवर्षे काणाडोळा केला. मुरकूट आम्ही बरोबर गाळले होते.

पुढे एका सकाळी आम्ही मुद्दाम तोच अध्याय काढला. त्या मुलास पुढे बोलावून वर्गासमक्ष सांगितले की त्या दिवशी तुझा प्रश्न योग्य होता व आमची शिक्षा अयोग्य होती. आता कुबडाचे काय झाले असावे, ते तूच सांग. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, तो मनुष्य आधी तोंड मिटायला विसरला असेल."

वर्ग हसला. ह्या खेपेस आम्हीही.