मेलची फाइल हलवण्याआधी

इंझोरीसारख्या गावात मेलसाठी वेगळा प्रोग्राम वापरतं तरी कोण, असं मानोऱ्याचा एक मित्र मला नेहमी विचारतो. कृषी केंद्रवाले वापरतात, आडते वापरतात, शेतकरी कंपन्यांचे हिशेब ठेवणारे वापरतात. बियाण्या-खतांच्या कंपन्यांची बिलं, दरपत्रकं, खात्याचे उतारे सगळं मेलवर येतं, आणि रेंज नसतानाही ते उघडायचं तर मेल मशीनमध्ये उतरलेले असावे लागतात. मी अशा दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं करतो. ओघानेच त्यांची मशीनंही माझ्याच गळ्यात पडतात. खरीप तोंडावर आला की बऱ्याच जणांची एकच तक्रार असते: सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. मग कोणीतरी शहाणा सांगतो, मेलचा डेटा डी ड्राइव्हवर टाका. टाकावा, त्याला ना नाही. पण त्याआधी आणि त्यानंतर जे पाहायचं असतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

१. आधी खात्याचा प्रकार पाहावा, मग फाइलला हात लावावा.

आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडलं की खात्याच्या नावासमोर प्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘पॉप’ दिसलं तर सावध व्हावं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोनच्या तारेवरून जोडणी व्हायची आणि वेळेगणिक बिल चढायचं. मेल भराभर उतरवून घ्यायचे आणि लाइन तोडायची, ही पॉपची रीत त्या काळाला सोयीची होती. उतरवल्यावर सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ असा खटका असतो, पण तो चालू असेलच याची खात्री नाही. म्हणजे आउटलुक ज्यात हे मेल साठवतं ती तुमच्या मशीनवरची पीएसटी फाइल हीच जगातली एकमेव प्रत असू शकते.

‘आयमॅप’ची गोष्ट निराळी. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये ही पद्धत रचली, तीच मुळी मेल सर्व्हरवर राहावेत म्हणून. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज खात्यांचंही तसंच. आउटलुक २०१३ पासून अशा खात्यांचे मेल ओएसटी फाइलमध्ये साठतात. ओएसटी म्हणजे सातबाऱ्याचा उतारा: हरवला तर पुन्हा काढता येतो. पीएसटीला ती सोय नाही. हा एवढा फरक कळला तर पुढच्या निम्म्या भानगडी टळतात, आणि माझ्या मते बाकी सगळं विसरलं तरी हा मुद्दा विसरू नये.

२. लपलेलं फोल्डर आधी उघडं करावं.

एक काकाजी कारंज्याहून मशीन फॉरमॅट करून आले. मेकॅनिकने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो सगळं नीट जपून परत दिलं होतं. टॅलीचा डेटाही होता. “मंग माहे मेल कुठी गेले भाऊ?” काकाजींनी विचारलं. मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये होते आणि थंडरबर्ड आपला संसार ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये थाटतो. विंडोज ते फोल्डर मुद्दाम लपवून ठेवते, त्यामुळे ते मेकॅनिकच्या नजरेला पडलं नाही आणि फॉरमॅटमध्ये गेलं. काकाजींचं खातं आयमॅपचं होतं, म्हणून मेल पुन्हा उतरले. पण मशीनपुरत्या बनवलेल्या फोल्डरांत त्यांनी जुनी बिलं लावून ठेवली होती, ती गेली ती गेलीच.

आउटलुक २००७ पर्यंतच्या आवृत्त्या पीएसटीही याच लपलेल्या भागात ठेवत. २०१० पासून ती डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात जाते. ओएसटी मात्र आजही ॲपडेटामध्येच असते. थंडरबर्डचं प्रोफाइल, म्हणजे त्याचा तो सगळा संसार, पाहायचं तर विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबायची, टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत लिहायचा आणि एंटर मारायचं. फोल्डर समोर येतं. मशीन कोणाच्याही हाती देण्याआधी हे एकदा उघडून त्याला दाखवावं. आपला तो अधिकार आहे, त्यात मेकॅनिकचा अपमान होत नाही.

३. पीएसटी हलवताना जुन्या फाइलचं नाव बदलावं, ती लगेच पुसू नये.

रीत सोपी आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाइल्सच्या टॅबवर फाइल निवडून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबलं की जागा कळते. मग आउटलुक बंद करायचं. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नसतं. टास्क मॅनेजरमध्ये तो अजून बसलेला असेल तर आधी त्याला उठवायचा. फाइलची प्रत डी ड्राइव्हवर घ्यायची, दोन्हींचे आकार प्रॉपर्टीजमध्ये बाइटपर्यंत ताडून पाहायचे, आणि मूळ फाइलच्या नावापुढे ‘जुनी’ असं लिहायचं. आता आउटलुक उघडलं की ते फाइल सापडत नाही म्हणून कुरकुर करतं आणि जागा विचारतं. तिथे नवी जागा दाखवायची.

नाव बदलण्याचा फायदा हा की आउटलुक चोरून जुन्याच फाइलवर चालू राहू शकत नाही. नाहीतर होतं काय, माणूस समजतो डेटा डीवर गेला, मेल मात्र सीवरच साठत राहतात, आणि महिन्याभराने तो सीवरची ‘फालतू’ फाइल पुसून मोकळा होतो. पॉप खात्याचे नवे मेल नेमके कुठे पडतात हे ई-मेलच्या टॅबवर तळाशी लिहिलेलं असतं. ते वाचूनच उठावं. सह्यांचे नमुने पीएसटीत नसतात, ते ॲपडेटामध्ये वेगळ्या फोल्डरात असतात. मशीनच बदलत असाल तर तेही उचलायचे.

४. थंडरबर्डमध्ये एका खात्याची जागा बदलण्यापेक्षा अख्खं प्रोफाइल हलवावं.

खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये तळाला ‘लोकल डिरेक्टरी’ असते, ती बदलता येते. पण त्याने फक्त त्या खात्याचे मेल दुसरीकडे जातात. पत्त्यांची वही, साठवलेले पासवर्ड जुन्याच ठिकाणी राहतात. घर दोन जागी झालं की विसरायला होतं. त्यापेक्षा थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचं पूर्ण फोल्डर डीवर कॉपी करावं आणि प्रोफाइल मॅनेजरमधून त्या फोल्डराकडे बोट दाखवणारं नवं प्रोफाइल बनवावं.

आणि हलवण्याआधी ‘कॉम्पॅक्ट’ जरूर करावं. थंडरबर्डमध्ये पुसलेला मेल दिसेनासा होतो, पण कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलमध्ये जागा अडवून बसतो. काही वेळा एवढ्यानेच सी ड्राइव्ह मोकळा होतो आणि हलवण्याची गरजच उरत नाही.

५. लाईनचा भरवसा धरू नये.

आमच्याकडे पाऊस-वाऱ्यात लाईन कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून कट-पेस्ट नको, कॉपीच. एकच फाइल असेल तर कट करतानाही मूळ सहसा शाबूत राहतं, पण थंडरबर्डचं प्रोफाइल म्हणजे ढीगभर फाइली. मध्येच अंधार झाला की निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर हे काम लॅपटॉपवाल्याने करावं, बाकीच्यांनी बॅटरी बदलेपर्यंत थांबावं. उघडी पीएसटी लाईन जाऊन बिघडलीच, तर ऑफिसबरोबरच ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं दुरुस्तीचं साधन येतं. ते चालवण्याआधी बिघडलेल्या फाइलची प्रत काढावी.

६. काही जागा वर्ज्य समजाव्यात.

नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनचं फोल्डर: तिथे पीएसटी ठेवून वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. वनड्राइव्ह: डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर पीएसटी नकळत तिथे जाते आणि थोडं काही बदललं की ती अवजड फाइल पुन्हा वर चढू लागते, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. पेन ड्राइव्ह: तो बहुधा फॅट३२ या पद्धतीने बांधलेला असतो आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. बाहेरची यूएसबी डिस्क रोजच्या वापराला नकोच; आज ती ‘ई’ असते, उद्या ‘एफ’ होते, आणि आउटलुक फाइल शोधत बसतं.

७. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. बऱ्याच मशीनांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

८. ओएसटी हलवण्याचा हट्ट धरू नये.

नव्या आवृत्त्यांत तिची जागा बदलायला साधं बटण नाही. रजिस्ट्रीत फेरफार करून खातं नव्याने जोडावं लागतं. पोटापाण्याच्या मशीनवर हा उद्योग मी करत नाही. मेल किती महिन्यांपर्यंतचे मशीनवर ठेवायचे हे ठरवणारी सरकपट्टी खात्याच्या सेटिंग्जमध्ये असते. ती वर्षावर आणली की जुने मेल सर्व्हरवर राहतात आणि फाइल लहान होते. जुनी आउटलुक एक्सप्रेस या बाबतीत भली होती, मेंटेनन्समध्ये जाऊन साठवणीचं फोल्डर बदलायचं की झालं. पण तिची आठवण काढून आता उपयोग नाही.

९. फाइल वर्षावर तोडावी.

आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. २००३ मध्ये ती २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी आहे. मर्यादा वाढली म्हणून तितकं भरावं असं नाही. ४० जीबीची फाइल कॉपी व्हायला जुन्या डिस्कवर जेवण आटोपतं. मी आर्थिक वर्षागणिक वेगळी पीएसटी बनवून देतो, एप्रिल ते मार्च. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, आणि आजकाल कागद म्हणजे बहुतेक मेलला जोडलेली बिलंच. वर्षवार फाइल असली की कोणती ठेवायची, कोणती काढायची, यावर वाद होत नाही.

१०. नव्या आउटलुककडे जाण्याआधी थांबावं.

मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या जुन्या ‘मेल’ ॲपचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबवला आणि आता सगळ्यांना नव्या आउटलुककडे ढकलणं चालू आहे. नव्या आउटलुकमध्ये पीएसटीची सोय जुन्यासारखी पूर्ण नाही. तुमच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात नवं आउटलुक वापरून पाहण्याचा खटका दिसत असेल आणि तुमचं खातं पॉपचं असेल, तर तो दाबण्याआधी पीएसटी कुठे आहे ते शोधा, तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी न्या.