कारवान श्वानांचे संवर्धन : पालन, पैदास आणि ग्रामपंचायतींची जबाबदारी

महाराष्ट्राच्या पशुधनाचा विचार निघाला की देवणी व लाल कंधारी गोवंश, उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी यांची नावे सहज पुढे येतात. याच मुलखातील आणखी एका प्राण्याकडे मात्र पशुधन म्हणून फारसे पाहिले जात नाही. लांबट व निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि बाणासारखा वेग ही त्याची ओळख होय. मराठवाड्यात व दक्षिण महाराष्ट्रात तो ‘कारवान’ या नावाने ओळखला जातो, तर सीमेपलीकडे कर्नाटकात त्याचेच भाईबंद ‘मुधोळ हाऊंड’ या नावाने प्रसिद्ध आहेत. कानांवर व शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात.

पिढ्यान् पिढ्या कामासाठी राखलेला हा श्वान आज दोन बाजूंनी अडचणीत आला आहे. त्याचे जुने काम कायद्याने, आणि योग्य कारणासाठीच, बंद झाले आहे. दुसरीकडे बाजारातील मागणीमुळे त्याच्या रक्तात भेसळ वाढत आहे. ही जात टिकवायची असेल तर तिला नवे काम द्यावे लागेल आणि तिच्या वंशाची लेखी नोंद गावातच ठेवावी लागेल.

जातीची ओळख

व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, मध्य व पश्चिम आशियातून आलेल्या कुत्र्यांपासून ही जात निर्माण झाली, अशी परंपरागत समजूत आहे. अरबस्तानातील सलुकी कुत्र्याशी असलेले तिचे शरीरसाम्य या समजुतीला पुष्टी देते. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पद्धतशीर पैदास करून घेतली आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगितले जाते. मुधोळ हे नाव जगापुढे आले ते तेव्हापासून.

बहुतेक कुत्री वासाचा माग काढतात. कारवान मात्र मुख्यतः दृष्टीवर विसंबतो. भरधाव धावताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. माळरानावरील उघड्या प्रदेशात अशा शरीररचनेचा मोठा उपयोग होतो. खांद्यापर्यंतची त्याची उंची साधारणपणे दोन फूट ते दोन फूट चार इंच भरते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या किंचित दिसणे हे निरोगी कारवानाचे लक्षण आहे, उपासमारीचे नव्हे. त्याला लठ्ठ करणे म्हणजे त्याची चाल बिघडविणे होय.

जुने काम आणि कायदा

ससा व हरिण यांची शिकार हे या श्वानाचे पूर्वापार काम होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत केवळ ठार मारणे अभिप्रेत नाही. प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, पकडणे व तसा प्रयत्न करणे यांचाही तीत समावेश होतो. त्यामुळे पिकाच्या राखणीच्या नावाखाली हरणामागे किंवा सशामागे कुत्रा सोडणे हा गुन्हा ठरतो. ही गोष्ट पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांना स्पष्टपणे समजावून सांगितली पाहिजे.

या बंदीमागील कारणही ध्यानात घ्यावयास हवे. रेहेकुरी येथील काळवीट किंवा नान्नजच्या माळरानावरील पक्षी यांच्या दृष्टीने मोकाट कुत्रा हा मोठा धोका असतो. शिवाय कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग वन्य मांसभक्षक प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात या विषाणूमुळे सिंह दगावल्याचे आढळून आले होते. म्हणून श्वानाचे संवर्धन आणि वन्य जीवांचे रक्षण ही कामे परस्परविरोधी नव्हेत. बांधलेला नव्हे, पण ताब्यात असलेला आणि लस टोचलेला कुत्रा दोन्ही हेतू साधतो.

हाच प्रश्न ब्रिटनमध्येही उद्भवला. तेथे ‘लर्चर’ नावाचे काम करणारे कुत्रे खेड्यापाड्यांत पाळले जातात. ग्रेहाऊंडसारख्या वेगवान कुत्र्याचा मेंढपाळी कुत्र्याशी किंवा टेरिअरशी संकर करून ते तयार होतात. तेथे रूपापेक्षा कामाला महत्त्व दिले जाते. २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी सशांची शिकार बंद झाली. तथापि, शेतीला उपद्रव देणाऱ्या रानटी रॅबिटांच्या बंदोबस्तासाठी जमीनमालकाच्या संमतीने कुत्री वापरण्याची मुभा राहिली. तेथील आणि येथील स्थितीत एक मूलभूत फरक आहे. लर्चर हा मुळातच संकर असल्याने तो पुन्हा तयार करता येतो. कारवानाचे मूळ रक्त एकदा नाहीसे झाले की ते कोणत्याही संकरातून परत मिळणार नाही.

नवे काम

शेतवस्ती, गोठा व घर यांची राखण हे कारवानाला साजेसे काम आहे. त्याची नजर तीक्ष्ण असते, झोप सावध असते आणि अनोळखी माणसाशी तो सहसा सलगी करीत नाही. मेरठ येथील लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्रात २०१६ मध्ये मुधोळ हाऊंडच्या पिलांना प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. त्यामुळे देशी श्वानांच्या उपयुक्ततेकडे नव्याने लक्ष वेधले गेले. कर्नाटकातील पशुवैद्यकीय विद्यापीठाने मुधोळनजीक तिम्मापूर येथे श्वान संशोधन व माहिती केंद्र चालविले आहे. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर तिकिटे काढली. त्यांत मुधोळ हाऊंडला स्थान मिळाले.

प्रशिक्षण मात्र लहानपणीच सुरू झाले पाहिजे. पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करावा, ही या जातीची उपजत वृत्ती आहे. पिलू तीन महिन्यांचे होण्यापूर्वीच त्याला कोंबड्या, करडे, वासरे व मुले यांच्या सहवासाची सवय लावावी. हाक मारताच परत येण्याचे शिक्षण त्याला रोज थोडे थोडे द्यावे. दिवसभर साखळीने बांधलेला कारवान चिडखोर होतो व चावरा बनतो. सकाळी व सायंकाळी, उन्हाच्या आधी व नंतर, त्याला पट्टा लावून किंवा कुंपण असलेल्या जागेत धावू द्यावे.

आहार व आरोग्य

ग्रामीण भागात कुत्र्याला भाकरी व ताक किंवा दूध देण्याची प्रथा आहे. प्रौढ कुत्र्याचे त्यावर कसेबसे भागते, परंतु वाढत्या पिलाला तेवढे पुरत नाही. भाकरीच्या जोडीला अंडे, मांस किंवा शिजविलेली डाळ यांतून प्रथिने मिळावयास हवीत. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे तीन वेळा व वर्षानंतर दोन वेळा आहार द्यावा. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून जेवणानंतर किमान एक तास त्याला धावू देऊ नये. अंगावर चरबी व केस कमी असल्याने थंडीत त्याच्या जागेवर गोणपाट अंथरावे.

पिलांना दोन-तीन आठवड्यांपासून जंताचे औषध सुरू करावे. डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात. अलर्क अर्थात रेबीजची प्रतिबंधक लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी व ती नियमितपणे पुन्हा टोचावी. गोचिडांपासून रक्तातील घातक परोपजीवी पसरतात, त्यामुळे गोठा व कुत्रा या दोहोंची स्वच्छता एकाच वेळी करावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. जखमेवर चुना, तिखट वा हळद लावू नये.

ग्रेहाऊंड गटातील कृश कुत्र्यांवर बार्बिच्युरेट प्रकारच्या भुलीच्या औषधांचा अंमल नेहमीपेक्षा अधिक वेळ राहतो, असे आढळून आले आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्याची जात पशुवैद्यकाला आवर्जून सांगावी.

पैदास : संख्या आणि रक्त

पैदाशीतील सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच गाजलेल्या नराचा सर्वत्र वापर. याचे गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही समजण्याजोगे आहे. नरांच्या व माद्यांच्या संख्येचा गुणाकार करून त्याला चारने गुणावे आणि एकूण संख्येने भागावे. आनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने तो कळप किती प्राण्यांइतका आहे, हे या भागाकारावरून समजते. एखाद्या परिसरात २० माद्या व १ नर असेल तर २१ कुत्री दिसत असूनही उत्तर ४ पेक्षा कमी येते. त्याच २० माद्यांसाठी ५ नर वापरले तर ते १६ होते. चार नरांची अधिक जोपासना केल्याने विविधता चौपट राखली जाते.

भाऊ-बहीण किंवा आई-मुलगा अशा जवळच्या नात्यातील संकराने पिलांचा अंतःप्रजनन गुणांक पंचवीस टक्के होतो. सावत्र भावंडांत तो साडेबारा टक्के असतो. अशा पैदाशीत दुर्बल पिले, वांझपणा व जन्मजात दोष वाढतात. हे टाळावयाचे तर किमान तीन पिढ्यांची वंशावळ हाताशी असली पाहिजे.

दुसरी चूक याच्या उलट प्रकारची आहे. शर्यतीत अधिक वेग मिळावा म्हणून परदेशी ग्रेहाऊंडशी संकर केला जातो आणि होणारी पिले कारवान म्हणून विकली जातात. अशा पिलांना कदाचित वेग लाभतो, परंतु दख्खनच्या उन्हात व थोड्या आहारात तग धरण्याचा पिढ्यान् पिढ्या कमावलेला गुण त्यांच्यात विरळ होत जातो. माजावर आलेली मादी मोकळी राहिल्यास गावातील कुत्र्यांशी होणारा संकरही टाळता येत नाही. माज सुमारे तीन आठवडे टिकतो. तेवढा काळ मादी बंदिस्त ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

श्वान पैदास व विपणनाविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. अठरा महिन्यांपूर्वी मादीची पैदास करू नये, लागोपाठच्या दोन माजांत तिला गाभण ठेवू नये आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत. आठ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास मनाई आहे. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. या काळात व पिले पाजताना मादीला अधिक व सकस आहार लागतो. पैदाशीस अयोग्य नर-मादींचे निर्बीजीकरण करून त्यांना राखणीसाठी आनंदाने ठेवता येईल.

गावाची नोंदवही

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदणीत राजपालयम, चिप्पीपराई व मुधोळ हाऊंड या श्वान जातींचा समावेश आहे. भारतीय केनेल क्लबच्या नोंदणीत ‘कॅरव्हान हाऊंड’ हे नाव आहे. नाव कोणतेही असो, शास्त्रीय नोंदणीचा पाया गावोगावच्या विश्वसनीय माहितीवरच उभा राहतो.

या कामासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम असते. पिकांच्या वाणांप्रमाणेच पाळीव प्राण्यांच्या स्थानिक जातीही या नोंदवहीत अभिप्रेत आहेत. तीत कारवानासाठी एक पान ठेवावे. कुत्र्याचे नाव, लिंग, रंग, जन्मतारीख, आई-वडील व आजे, पाळणारा, लसीकरण, करीत असलेले काम, आढळलेले दोष आणि मादीची वेते, एवढे रकाने पुरेसे आहेत. सूक्ष्मचिप बसविल्यास ओळख पक्की होते. शिक्षकांनी शाळेतील मुलांकरवी दर वर्षी गणना करविल्यास गणित व निसर्गविज्ञान या दोहोंचा तो उत्तम प्रत्यक्ष पाठ ठरेल. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी लसीकरण शिबिराच्या दिवशीच नोंदी तपासाव्यात. उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये या श्वानाच्याच मुलखात आहेत. त्यांचे मार्गदर्शन सहज घेता येईल.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा असतो, हे महाराष्ट्राच्या घराघरांतील टाकांवर पाहावयास मिळते. अशा प्रदर्शनात केवळ रूपाला बक्षीस न देता वंशावळ, लसीकरण, स्वभाव आणि आज्ञापालन यांना गुण दिले, तर पाळणाऱ्यांचे लक्ष योग्य गोष्टींकडे वळेल.

कारवान आजवर टिकला तो राजाश्रयापेक्षाही माळरानावरील शेतकरी व मेंढपाळ यांच्या जाणकारीमुळे. कोणत्या मादीची पिले सावध निघतात आणि कोणत्या नराचे पाय कच्चे आहेत, हे ज्ञान वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. ती माणसे आहेत तोवर ते कागदावर उतरविणे हे सर्वांत निकडीचे काम होय. पुढील ग्रामसभेत त्यासाठी नोंदवहीचे एक पान उघडले, तरी कारवानाच्या संवर्धनाचा पाया घातला जाईल.