लोकेल : संगणकास आपली रीत कशी सांगावी

विद्यार्थिमित्रहो, संगणकाशीं बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एकांत चित्रें व चौकटी असतात, दुसऱ्यांत केवळ अक्षरें. आपण एक आज्ञा टंकित करावी व संगणकानें तिच्याखालीं उत्तर लिहावें, अशा या दुसऱ्या मार्गास टर्मिनल म्हणतात. लिनक्सवर चालणारे असंख्य संगणक आजही याच रीतीनें चालविले जातात. परंतु हें उत्तर कोणाच्या भाषेंत व कोणाच्या रिवाजाप्रमाणें लिहावें, हें संगणकास कोणी सांगावें? तें सांगणाऱ्या योजनेस लोकेल म्हणतात.

प्रथम रिवाजांतील भेद पाहूं. १.५०० हा आंकडा आपण दीड असा वाचतों. जर्मनींत तोच दीड हजार होतो, कारण तेथें दशांशासाठीं स्वल्पविराम व हजारांच्या गटासाठीं टिंब वापरतात. बारा लाख चौतीस हजार पांचशें सदुसष्ट ही संख्या आपण १२,३४,५६७ अशी लिहितों, तर इंग्लंडांत ती १,२३४,५६७ अशी लिहितात. यांतील कोणतीच रीत चुकीची नव्हे. मात्र लिहिणारा एक रीत धरील व वाचणारा दुसरी, तर हिशेब बुडतो.

म्हणून लोकेलचे निरनिराळे विभाग केलेले आहेत. एलसी-सीटाइप अक्षरें ओळखण्यासाठीं, एलसी-कोलेट वर्णक्रमासाठीं, एलसी-न्यूमरिक संख्यांसाठीं, एलसी-टाइम तारीख व वेळ यांसाठीं, एलसी-मॉनेटरी पैशांसाठीं आणि एलसी-मेसेजेस सूचनांच्या भाषेसाठीं. यांचा अधिकारक्रम ध्यानांत ठेवावा. एलसी-ऑल हें नांव ठरविलेलें असेल, तर सर्व विभागांवर त्याचीच सत्ता चालते. तें नसेल तर त्या त्या विभागाचें मूल्य पाहिलें जातें, आणि तेंही नसेल तर लँग या नांवाचें. कांहींच ठरविलेलें नसेल, तर ‘सी’ हें मूळ लोकेल लागू होतें. शिवाय सी भाषेंत प्रोग्राम लिहिणाऱ्यानें आरंभीं सेटलोकेल ही क्रिया केली नसेल, तर वापरणाराची इच्छा कांहींही असो, प्रोग्राम सी लोकेलांतच चालतो.

आतां हें आपल्या मराठीस कोठें लागतें तें पाहूं. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं योजिलेल्या यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. ‘नमस्ते’ या शब्दांत न, म, स, हलन्ताची खूण, त व एकाराची मात्रा अशीं सहा चिन्हें आहेत; म्हणजे अठरा बाइट झाले. अक्षरें मोजणाऱ्या आज्ञेस मराठी यूटीएफ-८ लोकेल दिलें तर ती सहा सांगते. सी लोकेल दिलें तर अठरा. केवळ बाइट जाणणाऱ्या प्रोग्रामनें नांवाचे पहिले दहा बाइट घेऊन बाकीचे कापले, तर चौथें चिन्ह मध्येंच तुटतें, आणि यादींत मुलाच्या नांवाऐवजीं निरर्थक खुणा उमटतात.

वर्णक्रमाचीही तीच गोष्ट आहे. संगणकाच्या युनिकोड कोष्टकांत ळ हें अक्षर ल च्या लगेच पुढें आहे. आपल्या वर्णमालेंत तें ह च्या नंतर येतें. म्हणून हजेरीपट सी लोकेलांत लाविला, तर काळे हे कासार यांच्या आधीं येतात. वर्णमालेप्रमाणें कासार आधीं यावयास पाहिजेत.

मग सर्वत्र मराठी लोकेलच लावावें काय? नाहीं. एक प्रोग्राम लिहितो व दुसरा वाचतो, तेथें रिवाज स्थिर पाहिजे. जर्मन लोकेलांतील प्रोग्राम ३.१४ हा आंकडा वाचतांना टिंबाशीं थांबून नुसते ३ घेऊं शकतो, व चूक झाली असें सांगतही नाहीं! यावरून नियम असा निघतो कीं, मनुष्यानें वाचावयाचें तें मनुष्याच्या लोकेलांत लिहावें. यंत्रानें वाचावयाचें तें सी लोकेलांत. यासाठीं सर्व व्यवस्था बदलावी लागत नाहीं. त्या एका आज्ञेच्या आधीं ‘एलसी-ऑल बरोबर सी’ एवढें लिहिलें म्हणजे तिच्यापुरताच बदल होतो. यंत्राच्या मजकुरांत देवनागरीही असेल, तर ‘सी यूटीएफ-८’ हें लोकेल घ्यावें. लिनक्सच्या जीएनयू सी ग्रंथालयांत तें २०२२ सालीं समाविष्ट झालें.

दोष आढळल्यास प्रथम ‘लोकेल’ ही आज्ञा देऊन चालू मूल्यें पाहावीं. तिलाच उणे-ए हें चिन्ह जोडल्यास त्या संगणकावर बसविलेलीं सर्व लोकेलें दिसतात. दूरच्या संगणकावर काम करीत असाल, तर मागितलेलें लोकेल तेथेंही बसविलेलें असावें लागतें. अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें दिसलीं तर बहुधा लोकेल चुकलेलें असतें. रिकाम्या चौकटी दिसल्या तर बहुधा देवनागरीचा टंक नसतो.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाचें नांव एखाद्या छापील यादींत मोडकें आलें, तर “यंत्राला मराठी येत नाहीं” असें म्हणून तें सोडून देऊं नये. यंत्रास मराठी शिकवितां येते; तें काम कोणी तरी करावयाचें राहिलें आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अभ्यास : आपलें संपूर्ण नांव टंकित करून दोन्ही लोकेलांत त्याचीं अक्षरें मोजा, व आलेल्या दोन आंकड्यांतील फरकाचें कारण आपल्या शब्दांत लिहा.