कोरी प्लेट

आमगाव, जि. गोंदिया

चि. स्नेहल हिस,


पत्र मिळालं. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे जीवसृष्टीच्या उगमावर संशोधन करायचं म्हणतेस. तुझ्या आईला नोकरीची काळजी आहे, तिला मी समजावतो.

विषय हवेतला नाही, पोरी. आपल्याकडच्या धानाच्या बांध्यांखालचा खडक भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘आमगाव नाइस’ म्हणून नोंदलेला आहे. वय दोनशे कोटी वर्षांहून जास्त. माणूस सोड, साधं गवतसुद्धा तेव्हा नव्हतं.

नारळीकरांची पुस्तकं वाचून तुला हे वेड लागलं. मग त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्याकडेही बघ. कार्बन, लोखंड अशी मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात घडतात, हे हॉईल आणि तिघा सहकाऱ्यांनी १९५७ साली मांडलं. जगाने ते मान्य केलं. जीवनाची बीजं धूमकेतूंबरोबर आली, हेही हॉईलच म्हणत. ते आजही सिद्ध झालेलं नाही. माणूस तोच, बुद्धी तीच. पुरावा मात्र एकाच बाजूला.

तो पुरावा शोधायला नारळीकर आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोचा बलून सोडला. निर्जंतुक केलेल्या, निर्वात अशा १६ पोलादी नळ्या, भोवती द्रवरूप निऑन. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून त्या पॅराशूटने खाली आल्या. हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांनी नमुने स्वतंत्रपणे तपासले. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. बहुतेक ओळखीच्याच निघाल्या, पण जीवाणूंच्या तीन प्रजाती नव्या होत्या. एकीला हॉईलचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव मिळालं.

२००९ साली निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून निर्णायकपणे ठरत नाही, असं या संशोधकांनी स्वच्छ सांगितलं. एवढी वर्षं त्या कल्पनेमागे घालवून असं म्हणायला छाती लागते. मला तर तीन प्रजातींपेक्षा ही कबुली मोठी वाटते.

तेव्हा उल्का आणि मंगळ राहू दे पुढे. आधी आपल्या हाताचे, हवेचे, भांड्याचे जंतू नमुन्यात शिरले नाहीत हे दाखवायला शीक. या सत्रात प्रत्येक प्रयोगाशेजारी नमुना न घातलेली एक प्लेट ठेव, आणि तिच्यावर काय उगवलं ते वहीत सगळ्यात आधी लिही.

तुझा,
मामा