रिपोर्टातला लाल चौकोन

तर झालं असं, की सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवत बसलो होतो आणि ताईचा फोन आला. "तू इंजिनिअर होतोयस ना? मग एवढा एक रिपोर्ट वाचून सांग." रिपोर्ट चव्वेचाळीस पानांचा. मी टी. ई. इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी, बारावीला बायोलॉजी सोडून सुटकेचा श्वास टाकलेला. पण भाच्याचा प्रश्न होता.

भाचा सात वर्षांचा. गेलं वर्षभर तो सारख्या पापण्या मिचकावतो, मान झटकतो. अभ्यासाला पाच मिनिटं टिकत नाही, रात्री दचकून उठतो. शाळेच्या डायरीत आठवड्याला एक शेरा ठरलेला. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं, की याला टिक्स म्हणतात, बऱ्याच मुलांत येतात आणि जातात, थोडी वाट पाहू. पण वाट पाहणं आईला जमतं का? कुणीतरी सुचवलं म्हणून ताईनं गालाच्या आतून काडी फिरवून नमुना कुरिअरनं एका लॅबला धाडला. दाजींचा अर्धा पगार त्यातच गेला. रिपोर्टात नवव्या पानावर लाल चौकोन, त्यात 'एमटीएचएफआर', आणि शेवटच्या पानावर त्याच लॅबच्या पाच डब्यांची यादी. दर महिन्याला घ्यायच्या. ताईचा प्रश्न सरळ होता : "घेऊ का?"

त्या रात्री जर्नल राहिलं. (सरांना एव्हाना हे कळलेलं आहे.)

एमटीएचएफआर हे एका एन्झाइमचं आणि ते बनवण्याची कृती ज्यात लिहिलेली असते त्या जनुकाचं नाव. पालेभाज्या, डाळी यांतून मिळणाऱ्या फोलेटला हे एन्झाइम शेवटचं रूप देतं. मग ते फोलेट बी-१२ च्या मदतीनं होमोसिस्टीन नावाच्या पदार्थाचं मेथिओनिन करतं. या जनुकात ६७७ व्या जागी 'सी' ऐवजी 'टी' हे अक्षर असलं तर एन्झाइम थोडं ढिलं बनतं, उष्णतेला टिकत नाही. हा बदल १९९५ साली सापडला. आईकडून एक, वडिलांकडून एक अशा प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. एका प्रतीत बदल असेल तर एन्झाइमचा वेग साधारण ६५ टक्क्यांवर येतो, दोन्हींत असेल तर ३० टक्क्यांवर. भाच्याच्या दोन्ही प्रतींत आहे.

३० टक्के! व्हायवाला एवढे मिळाले तर घरी तोंड दाखवता येत नाही. ताई घाबरली यात नवल नाही. पण इथेच आपल्या शाखेचं शिक्षण उपयोगी पडतं. हॉस्टेलच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असला म्हणजे टाकी रिकामीच असते का? वरून पाणी पुरेसं येत असेल, खाली उपसा बेताचा असेल, तर लेव्हल ठीक राहते. शरीरातही तसंच. फोलेट, बी-१२ आणि या एन्झाइमला लागणारं बी-२ खाण्यातून नीट मिळत असेल, तर दोन्ही प्रतींत बदल असलेल्या माणसाचंही होमोसिस्टीन बहुधा ठीक असतं. युरोपातल्या कित्येक समाजांत दर दहा माणसांत साधारण एक जण असा असतो, आणि ही माणसं धडधाकट जगतात. साधं फोलिक अॅसिडही त्यांच्या शरीराला वापरता येतं, हे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं स्पष्ट सांगितलेलं आहे. टिक्स, एडीएचडी किंवा ऑटिझम असलेल्या मुलाला कोणतं जीवनसत्त्व द्यायचं, हे या एका अक्षरावरून ठरवता येतं असा भक्कम पुरावा नाही.

मी ताईला दुसऱ्या शब्दांत सांगितलं. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचून किंमत कळते, पण सर्किट चालत नसेल तर आपण मल्टिमीटर लावतो. जनुक म्हणजे पट्टे. रक्ततपासणी म्हणजे मल्टिमीटर. भाच्याच्या रक्तात बी-१२ किती, होमोसिस्टीन किती, लोह किती, हे कुणी मोजलंच नव्हतं!

आता न्यायाची गोष्ट. जनुक पाहून जीवनसत्त्व ठरवणं ही सगळी बनवाबनवी आहे, असं माझं म्हणणं मुळीच नाही. मला स्वतःला हाच भाग वाचताना सर्वांत जास्त मजा आली. काही बाळांना जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत झटके सुरू होतात, फिटची नेहमीची औषधं हात टेकतात आणि बी-६ दिलं की झटके थांबतात. असं पहिलं बाळ १९५४ साली नोंदलं गेलं. कारणीभूत जनुक मात्र २००६ मध्ये हाती लागलं : एएलडीएच-७-ए-१. ते बिघडलं की एक पदार्थ तुंबतो आणि तो कामाच्या बी-६ ला धरून निकामी करतो. म्हणून या मुलांना बी-६ जन्मभर लागतं. दुसरं उदाहरण बायोटिनिडेजच्या अभावाचं. शरीर बायोटिन पुन्हा पुन्हा वापरतं, आणि ते सोडवून घेणारं एन्झाइमच नसलं तर झटके येतात, केस गळतात, अंगावर चट्टे उठतात, ऐकू येणं जातं. रोज काही मिलिग्रॅम बायोटिन दिलं की मूल नीट वाढतं, पण उशीर झाला तर गेलेलं ऐकणं सहसा परत येत नाही. खुद्द एमटीएचएफआरचाही एक जबर, दुर्मीळ आजार आहे. त्यात एन्झाइम जवळजवळ बंदच पडतं, होमोसिस्टीन आकाशाला भिडतं आणि बिटेन नावाचं औषध द्यावं लागतं. त्यांत पाइप फुटलेला असतो, इथे तोटी थोडी घट्ट आहे. रिपोर्टात मात्र दोन्हींना एकच लाल रंग.

तसंच, मुलाची वाढ मागे असेल किंवा ऑटिझम असेल, तर कारण शोधायला डॉक्टर जी जनुकीय तपासणी सांगतात ती वेगळी. ती टाळू नये.

मग लॅबवाले पाच डब्या कशाच्या जोरावर सांगतात? याचं उत्तर अमेरिकेत २००६ साली मिळालं होतं. तिथल्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसनं एक झकास प्रयोग केला. नऊ महिन्यांची एक मुलगी आणि ४८ वर्षांचा एक पुरुष, एवढ्या दोघांचेच नमुने घेतले. त्यांवरून वय, सवयी, व्यायाम बदलून १४ खोटी गिऱ्हाइकं तयार केली आणि चार विक्रेत्यांकडे पाठवली. सल्ला आला तो फॉर्मात भरलेल्या सवयींना धरून. सिगारेट ओढतो लिहिलं तर सिगारेट सोडा! काहींनी खास तुमच्या जनुकांसाठी म्हणून वर्षाला सुमारे १२०० डॉलरच्या गोळ्या सुचवल्या. तेच घटक दुकानात वर्षाला ३५ डॉलरच्या आसपास मिळत होते. इनपुट तोच ठेवून आउटपुट तपासण्याची ही पद्धत आपल्या लॅबमध्येही कुणी इतकी मनापासून वापरत नाही.

ताई म्हणाली, "पैसे जाऊ देत, पण व्हिटॅमिननं अपाय तर नाही ना?" होतो. पाचांतल्या एका कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम बी-६ होतं. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज एखाद्या मिलिग्रॅमच्या आसपास. जास्त बी-६ नं हातापायांच्या नसा बधिर होतात, हे १९८३ मध्ये ग्रॅमच्या मापानं बी-६ घेणाऱ्या माणसांत प्रथम नीट दिसलं. पुढे त्याहून बऱ्याच कमी मात्रेनंही असं झाल्याच्या नोंदी आल्या. आणि फोलेटचा धोका तर आपल्या घरचा. बी-१२ कमी असताना नुसतं फोलेट भरलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यात बहुसंख्य आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. बी-१२ दूध, अंडी, मांस-मासे यांतच असतं. आमचं घर शाकाहारी, अंडंही नाही. आणि भाचा दूध बघितलं की पळतो, चहा मात्र कपभर हवा.

हे सगळं मी फोनवर सांगितलं तेव्हा ताई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. इंजिनिअरिंगला ते शिकवत नाहीत.

पुढच्या शनिवारी दाजी भाच्याला पुन्हा त्याच बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं. बी-१२ कमी, लोहाचा साठा कमी, होमोसिस्टीन थोडं वर. डॉक्टरांनी बी-१२ आणि लोहाचं औषध दिलं आणि जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. त्यांनी जनुकाचा रिपोर्टही शांतपणे चाळला. दोन्ही प्रतींत बदल असेल तर बी-१२ ची तूट होमोसिस्टीनमध्ये जरा जास्त उमटू शकते, एवढंच म्हणाले. उपचार तोच. डब्या घेतल्या नाहीत.

चार महिने झाले. भाचा आता रात्री सलग झोपतो आणि अर्धा तास वही घेऊन बसतो. पापण्या मात्र मिचकावतोच, परीक्षा जवळ आली की जास्त. झोपेचं श्रेय लोहाला, बी-१२ ला की नुसत्या वाढत्या वयाला, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. "एकाच वेळी तीन नॉब फिरवल्यावर कुठल्यानं फरक पडला ते कसं सांगणार, इंजिनिअरसाहेब?"

चव्वेचाळीस पानांचा रिपोर्ट ताईनं भाच्याच्या फाइलमध्ये लावून ठेवलाय. दिवाळीला घरी गेलो तेव्हा पाहिलं, तर लाल चौकोनाशेजारी तिनं पेन्सिलीनं रक्ताचे तिन्ही आकडे आणि तारखा लिहिल्या होत्या. खाली पुढच्या तपासणीची तारीख.